आधी कोण निघालं, अस्वल की आपण?

वन्यजीव छायाचित्र स्पर्धांचे आयोजक, परीक्षक आणि फोटो निवडणारे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली बरीच वर्षं मी रानातल्या अस्वलांचे फोटो काढतो आहे आणि तुमच्यापैकी काहींच्या स्पर्धांना ते पाठवतो आहे. आज हे खुलं पत्र लिहायला बसलो, ते निवडल्या गेलेल्या माझ्याच एका फोटोमुळे.

उन्हाळ्याची सुरुवात होती, ऊन कलायला लागलं होतं. रस्त्यापासून थोड्या अंतरावर एक मादी वारूळ फोडत होती. पाठीवर दोन पिल्लं, आईच्या लांब केसांत नखं रुतवून बसलेली. अस्वल वारूळ कसं खातं हे ज्यांनी जवळून ऐकलंय त्यांना तो आवाज विसरता येत नाही. आधी पुढच्या पंजांनी माती उकरायची, मग भोकात तोंड घालून जोरात फुंकर मारून धूळ उडवायची आणि मग नळीतून ओढावी तशी वाळवी ओढून घ्यायची. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, ते याच कामासाठी. ती खाण्यात इतकी गुंग होती की आमच्या तीन गाड्या थांबल्या तरी तिने डोकं वर काढलं नाही. मग चौथी गाडी आली. चांगला कोन मिळावा म्हणून ती पुढे सरकली आणि नेमकी मादी आणि झाडोरा यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

ओढण्याचा आवाज थांबला. मादीने नाक वर केलं, डावीकडे, उजवीकडे. मग ती मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरचा पांढरट पट्टा पूर्ण उघडा, तोंडाला ओली माती. मी शटर दाबून धरलं. ती पळेपर्यंत चौदा फ्रेम आल्या. ती खाली आली, पिल्लं सावरली आणि झाडोऱ्याची वाट बंद होती म्हणून उलट्या दिशेला, उघड्या माळावरून पळत गेली. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो. ती परत आली नाही. फोडलेल्या वारुळाच्या कडेला वाळवीने ओल्या मातीची डागडुजी सुरू केली होती, ते मात्र मी पाहिलं.

चौदातली सहावी फ्रेम मी स्पर्धेला पाठवली. सोबत ओळ लिहिली होती : ‘वास घेण्यासाठी उभी राहिलेली मादी’. प्रदर्शनात फोटो लागला तेव्हा खाली ओळ होती : ‘हल्ल्याच्या पवित्र्यात’. मला कुणी विचारलं नव्हतं. फोटोसमोर एक बाई आपल्या लहान मुलाला सांगत होत्या, “बघ, कसं अंगावर येतंय.” मी तिथे उभा होतो आणि काही बोललो नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते या पत्रात लिहितो आहे.

अस्वल उभं राहतं ते नीट दिसावं आणि वास नीट यावा म्हणून. आपल्या अस्वलाची नजर बेताची, नाक मात्र फार तीक्ष्ण. माणूस अचानक अगदी जवळ आला की ते बिथरतं आणि हल्ला करतं, हेही खरं आहे. अस्वलांच्या रानाशेजारी राहणाऱ्यांनी ते अंगावर सोसलं आहे, त्यामुळे त्यांची भीती खोटी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण म्हणूनच उभ्या अस्वलाखाली ‘हल्ला’ लिहिणं फार महाग पडतं. ज्या शेतकऱ्याला बांधावर उभं राहून वास घेणारं अस्वल दिसेल, त्याने दगड उचलायचा की मुकाट्याने मागे सरायचं, हे अशा ओळींनी ठरत असतं.

फोटोची ताकद किती असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी दोन गोष्टी आठवून देतो, कारण त्यातच माझं मागणं आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलांचं संरक्षण काढून घेतलं. पुढच्याच वर्षी वायोमिंग राज्याने २२ अस्वलांपर्यंत शिकारीची परवानगी द्यायचं ठरवलं. परवाने सोडतीने मिळणार होते. तेव्हा त्या राज्यातल्या जॅक्सन भागातल्या काही स्त्रियांनी मोहीम काढली : परवान्यासाठी अर्ज करा, मिळाला तर बंदूक घरी ठेवा आणि कॅमेरा घेऊन जा. सात हजारांहून जास्त अर्ज आले, त्यात चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांचाही होता. सोडतीत टॉम मँगलसन या छायाचित्रकाराचा आठवा नंबर लागला. नियमाप्रमाणे बराचसा भाग एका वेळी एकाच शिकाऱ्याला, दहा दिवसांसाठी मिळणार होता. म्हणजे मँगलसन यांच्या दहा दिवसांत त्या भागात एकही गोळी सुटली नसती. ती वेळ आली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने अस्वलांचं संरक्षण परत दिलं आणि शिकार रद्द झाली.

इतकी माणसं एकदम कशी उभी राहिली? त्यांना ती अस्वलं माहीत होती. अभ्यासकांनी ३९९ नंबर दिलेली एक ग्रिझली मादी वायोमिंगमधल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्यांलगत पिल्लं वाढवायची. मँगलसन यांनी आणि इतर कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं तिचे फोटो काढले होते. २०२० मध्ये, चोवीस वर्षांच्या वयात, ती चार पिल्लं घेऊन गुहेबाहेर आली तेव्हा ती बातमी जगभर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती गाडीच्या धडकेत गेली तेव्हा तिला कधीही प्रत्यक्ष न पाहिलेली माणसं रडली. तिच्या कीर्तीमुळे रस्त्यावर गर्दी व्हायची, गाड्यांच्या रांगा लागायच्या, हेही त्याच कहाणीत आहे. फोटोने वाचवायचं आणि फोटोनेच घेरायचं, दोन्ही एकाच मादीच्या वाट्याला आलं.

दुसरी गोष्ट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रेट बेअर रेनफॉरेस्टची. तिथे काळ्या अस्वलांच्या जातीत एका सुप्त जनुकामुळे काही अस्वलं पांढरी जन्मतात. त्या किनाऱ्याजवळून तेलाची जहाजं जाणार, अशी पाइपलाइनची योजना होती. लढा तिथल्या मूळ रहिवाशांचा होता. २०१० मध्ये इंटरनॅशनल लीग ऑफ कन्झर्वेशन फोटोग्राफर्स या संस्थेने छायाचित्रकारांची तुकडी तिथे नेली आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये पॉल निकलन यांनी टिपलेलं पांढरं अस्वल नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलं. ज्या रानाचं नावही कुणाला माहीत नव्हतं, ते घराघरांत दिसलं. २०१६ मध्ये त्या रानाच्या ८५ टक्के भागात वृक्षतोड बंद करणारा करार झाला आणि त्याच वर्षी पाइपलाइनही नामंजूर झाली. २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबिया या तिथल्या प्रांताने ग्रिझलींच्या शिकारीवर बंदी आणली. हे सगळं एका फोटोने झालं असं मी म्हणणार नाही. पण फोटो नसते तर हे लांबच्या माणसांच्या कानावर गेलं असतं, डोळ्यांसमोर आलं नसतं.

आता उलट बाजू, आणि ती त्याच मोठ्या माणसांच्या हातून घडलेली. उपासाने खंगलेलं, पाय ओढत चाललेलं एक ध्रुवीय अस्वल २०१७ च्या डिसेंबरमध्ये कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पाहिलं. नॅशनल जिऑग्राफिकने दृश्यावर ओळ घातली : हवामानबदल असा दिसतो. चित्रण करणाऱ्या, निकलन यांच्याच गटातल्या छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांनी पुढे २०१८ मध्ये स्वतः लिहिलं की हे अस्वल नेमकं कशाने मरायला टेकलं होतं हे सांगता येत नाही. नॅशनल जिऑग्राफिकनेही आपण दावा जास्त ताणल्याचं मान्य केलं. समुद्रावरचं बर्फ कमी होतंय आणि ध्रुवीय अस्वलं संकटात आहेत, हे तर ठाम आहे. कॅनडातल्या पश्चिम हडसन उपसागरातली त्यांची संख्या २०१६ मध्ये अंदाजे ८४२ होती, २०२१ मध्ये ६१८ भरली. इतका भक्कम पुरावा हाताशी असताना एका अस्वलाच्या अंगावर नको तेवढा अर्थ लादला गेला, आणि ज्यांना संकट नाकारायचंच होतं त्यांना निमित्त मिळालं. एवढ्या जाणत्या लोकांचं असं झालं, तर दर वर्षी शेकडो प्रवेशिकांच्या खाली घाईने लिहिल्या जाणाऱ्या ओळींचं काय होत असेल? आपली चूक उघड मान्य करायला त्यांनी दाखवलेला मोठेपणा मात्र आपण सगळ्यांनीच शिकावा असा आहे.

तुम्ही म्हणाल, ओळींचं समजलं, पण एक गाडी जरा पुढे सरकली तर अस्वलाचं असं काय मोठं नुकसान झालं? मलाही पूर्वी असंच वाटायचं. मग मी माद्यांच्या शरीराचं शास्त्र वाचलं.

तपकिरी, काळ्या आणि ध्रुवीय अस्वलांमध्ये मीलन वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं, पण फलित बीज लगेच रुजत नाही. ते काही महिने तसंच तरंगत राहतं. हिवाळ्याच्या तोंडाशी मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच ते गर्भाशयात रुजतं, नाहीतर नाही. म्हणजे पिल्लं होणार की नाही याचा निकाल लागतो तो खाण्याच्या दिवसांत. शरदात तपकिरी आणि काळी अस्वलं दिवसाचे वीस-वीस तास खातात. पुढे गुहेत अर्धा किलोच्या आसपासची पिल्लं जन्मतात आणि आई काही न खाता त्यांना दूध पाजते, ते याच साठ्यावर. ग्रिझली मादीला दोन बाळंतपणांत साधारण तीन वर्षं लागतात. आता विचार करा, नदीकाठी मासे पकडणाऱ्या मादीला दिवसातून चार गटांनी चार वेळा उठवलं, आणि असं महिनाभर चाललं. तिला एक ओरखडाही उठत नाही. फोटो छान येतात. आणि पुढच्या वसंतात ती एकटीच बाहेर येते. त्याचा फोटो कुणीच काढत नाही.

म्हणून गेली काही वर्षं मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : आधी कोण निघालं, अस्वल की मी? आम्ही निघालो आणि ते खातच राहिलं, तर तो दिवस चांगला. ते निघालं आणि आम्ही बघत राहिलो, तर फोटो कितीही उत्तम असो, त्याचा भुर्दंड त्या जनावराने भरला. अस्वल निघण्याआधी सांगतंही बरंच. खाणं थांबतं, जांभया येतात, लाळ गळते, जबडा आपटल्याचा आवाज येतो, आई पिल्लांना झाडावर पाठवते. स्पर्धांतून दरवर्षी दिसणाऱ्या ‘आ’ वासलेल्या अस्वलांच्या फोटोंकडे या नजरेने पाहा. डरकाळी समजून आपण निवडलेल्या त्या तोंडांत ताणाने आलेल्या जांभया किती असतील?

आमिषाबद्दल मला जास्त लिहायचं नाही, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या नियमांत ते आहेच. पण नियम असणं आणि विचारणं यात अंतर आहे. मिचिओ होशिनो हे अलास्कातल्या अस्वलांवर आयुष्य ओवाळून टाकलेले जपानी छायाचित्रकार. १९९६ च्या ऑगस्टमध्ये रशियातल्या कामचात्काच्या कुरील सरोवराच्या काठी, तंबूत झोपलेले असताना, एका तपकिरी अस्वलाने त्यांना मारलं. त्या अस्वलाला माणसांकडच्या खाण्याची चटक लागलेली होती. ते अस्वलही मारलं गेलं. अस्वलाला दिलेला घास तिथेच संपत नाही, पुढे भेटणाऱ्या माणसापर्यंत तो जातो. तो माणूस अस्वलावर माया करणारा असला तरी त्याने फरक पडत नाही.

आणि याच्या अगदी उलट चित्र अलास्कातल्या मॅकनील नदीवर आहे. तिथे मासे चढतात तेव्हा धबधब्यापाशी एकाच वेळी सत्तरहून अधिक अस्वलं मोजली गेली आहेत. सोडतीत नंबर लागलेली फक्त दहा माणसं दिवसाला, सोबत अभयारण्याचे कर्मचारी, जायची वाट ठरलेली, बसायची जागा ठरलेली. खाणं उघड्यावर नाही. १९७३ पासून ही परवान्याची पद्धत चालू आहे आणि त्यात एकाही पाहुण्याला अस्वलाने जखमी केलेलं नाही. माणसं रोज तशीच, तिथेच वागतात, म्हणून अस्वलं त्यांना गृहीत धरतात आणि आपल्या कामाला लागतात. त्या जागेवरून आलेल्या फोटोंत अस्वल तुमच्याकडे बघत नसतं. ते मासा बघत असतं. मला विचाराल तर तोच सन्मान आहे.

आता मागणं.

प्रवेशिकेसोबत एक फ्रेम नको, आधीच्या आणि नंतरच्याही मागवा. अंतिम फेरीत तुम्ही मूळ फाइल मागताच, पूर्ण क्रम मागायला वेगळा खर्च नाही. माझ्या चौदा फ्रेम तुम्ही पाहिल्या असत्या तर तेराव्या-चौदाव्या फ्रेममध्ये पळणारी मादी आणि मध्ये घुसलेल्या गाडीचा कोपरा दिसला असता, आणि फोटो बाद झाला असता. तो बाद व्हायला हवा होता. अर्जात एक रकाना ठेवा : प्रसंग कसा संपला, आधी कोण निघालं? कुणी खोटं लिहील, पण लिहिताना त्याला विचार करावा लागेल, आणि पुढच्या वेळी रानात तो प्रश्न त्याच्या सोबत असेल. अस्वल पाळलेलं किंवा भाड्याने आणलेलं असेल तर ते स्पष्ट लिहायला लावा, कारण अशी जनावरं पुरवणारे धंदे आहेत आणि रानातलं म्हणून ते फोटो खपतात. गुहेच्या तोंडाशी आणि नवजात पिल्लांजवळ काढलेले फोटो सरळ परत पाठवा.

अंतराचा आकडाही विचारा. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर राहावं लागतं. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, आणि मार्च ते जून ५०० मीटर लांब राहायचा नियम झाला आहे. ५०० मीटरवरून चौकट भरत नाही, हे खरंच आहे. मग अस्वल लहान असलेल्या फोटोला बक्षीस द्या. भल्यामोठ्या उतारावर मुठीएवढं काळं ठिपकं आणि त्याच्या पुढे अर्धा डोंगर, यात अस्वलाला जगायला किती जागा लागते हे दिसतं. चेहऱ्याच्या जवळच्या फोटोत ते कधीच दिसत नाही. आम्ही काय काढायचं हे तुम्ही काय निवडता त्यावर ठरतं. वर्षभर रानात बसणारे आम्ही लोक निकालाच्या दिवशी मिळालेला फोटो बघतो आणि पुढच्या वर्षी तसाच शोधायला निघतो.

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत आणि त्यातल्या सहा धोक्यात गणल्या आहेत. तरी प्रदर्शनात बहुतेक तपकिरी आणि ध्रुवीयच दिसतात. अँडीजमधलं चष्म्यावाणी खुणा असलेलं अस्वल, आग्नेय आशियातलं छोटं सूर्य अस्वल, पित्तासाठी पिंजऱ्यात कोंडलं जाणारं आशियाई काळं अस्वल, वारुळं खाणारं आपलं अस्वल, ही दाट झाडीतली, अवघड. त्यांचे फोटो धूसर येतात, फांद्यांआडून येतात, कॅमेरा ट्रॅपमधून, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यातून येतात. त्या फोटोंना वेगळ्या मापाने मोजा. अभ्यासकांना तर ते सोन्यासारखे असतात. अँडीजच्या अस्वलाच्या चेहऱ्यावरच्या आणि सूर्य अस्वलाच्या छातीवरच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यावरून एकेक जनावर ओळखता येतं. तपकिरी अस्वलांना अशा खुणा नसतात, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात संगणकाला १३२ अस्वलांचे चेहरे शिकवले, तर त्याने ८४ टक्के वेळा बरोबर ओळखलं. ते चेहरे फोटोंतूनच आले होते. आमच्यासारख्यांच्या हार्ड डिस्कवर पडून असलेल्या, कुणीच न निवडलेल्या हजारो फ्रेम अशा कामी येऊ शकतात. त्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवायची सोय तुमच्यासारख्या संस्थाच करू शकतात. जागेची नोंद मात्र फक्त अभ्यासकांकडे जाऊ द्या, जाहीर फोटोतून ती काढून टाका.

ओळींबद्दल एकच. छायाचित्रकाराने लिहिलेली ओळ त्याला न विचारता बदलू नका, आणि त्याने स्वतःच भडक लिहिली असेल तर ती तशीच जाऊ देऊ नका.

शेवटचं मागणं माझ्या मनात सगळ्यात जास्त आहे. अस्वलांचे फोटो मोठ्या शहरांच्या दालनांत लागतात. ज्यांच्या शेताजवळून, पाणवठ्याजवळून ते अस्वल रोज जातं, त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचतात. प्रदर्शन तिथेही न्या, शाळेच्या भिंतीवर लावा. तिथल्या लोकांना अस्वलाबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, म्हणून त्यांना ओळी वाचायला द्या आणि चुकीच्या असतील तर त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. उभं अस्वल काय करत असतं, हे त्यांनी मला कितीतरी आधी सांगितलं असतं.

माझा तो फोटो तुम्ही तुमच्या संग्रहातून काढून टाकावा अशी विनंती वेगळ्या पत्राने केली आहे. या वर्षीच्या प्रवेशिकेत अकरा फ्रेम जोडल्या आहेत. संध्याकाळची, लांबून काढलेली, एक अस्वल वारुळात खांद्यापर्यंत घुसलेलं. चेहरा एकाही फ्रेममध्ये नाही. अकरावी फ्रेम गाडी मागे घेताना काढली आहे, म्हणून थोडी हलली आहे. त्यात धूळ उडताना दिसते, ते अजून खातंय.

आपला,
एक वन्यजीव छायाचित्रकार